कारखानीस डॉक्टरांचं वॉटर्लू

साउथहॅम्प्टनला आमच्या समोरच्या घरात राहणारे डॉक्टर वामन कारखानीस कुठल्याही पदार्थाला 'ठीक' म्हणायचे. पुरणपोळी ठीक, उकडीचे मोदक ठीक. मी हौसेनं केलेली बिर्याणी एकदा तळाला लागून पार काळी झाली होती, तीही त्यांनी 'ठीक आहे' म्हणत संपवली. त्यांच्या बायकोला, मालतीकाकूंना, मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अगं, मला बघून गेले तेव्हाही घरी जाऊन 'ठीक आहे' एवढंच म्हणाले होते. त्या दोन शब्दांवर माझं लग्न झालंय."

मी आणि माझा नवरा पुण्याहून वर्क व्हिसावर इथं आलो ते २००१ साली. व्हॅनमधून खोकी उतरवत होतो तेवढ्यात समोरच्या घरातून एक उंचेपुरे गृहस्थ रस्ता ओलांडून आले. हातात चहाचा थर्मास. नाव-गाव विचारलं, व्हिसा किती वर्षांचा ते विचारलं आणि तिसराच प्रश्न, "वॉटर्लू माहीत आहे का?"

मी म्हटलं, "हो, लंडनचं स्टेशन ना? इथून ट्रेन तिथंच जाते."

त्यांनी डोळे मिटले. कुणीतरी पायावर पाय दिल्यासारखा चेहरा केला. "एवढा मोठा बादशहा तिथं हरला आणि या लोकांनी त्याचं स्टेशन करून ठेवलं! मी लंडनला कोच-बसनं जातो. व्हिक्टोरियाला उतरतो. दीड तास जास्त लागतो, लागू दे."

खरंच, इतक्या वर्षांत साउथहॅम्प्टनहून ट्रेननं वॉटर्लूला ते एकदाही गेले नाहीत. काकू मात्र मैत्रिणींबरोबर ट्रेननं जायच्या. मग दोघं लंडनला वेगवेगळे पोचून एखाद्या कॉफीच्या दुकानात भेटायचे. काकूंची तोवर खरेदी झालेली असायची.

बादशहा म्हणजे नेपोलियन. मी इथं नाव घेतलं, डॉक्टर घेत नसत. 'ते' म्हणायचे. 'त्यांना' कैदेत, लाँगवुडच्या घरात उंदरांचा फार त्रास झाला, 'त्यांनी' वॉटर्लूच्या दिवशी सकाळी चिखल वाळायची वाट पाहिली, तिथंच घात झाला. काकू म्हणायच्या, "मी यांचं नाव घेत नाही, हे त्यांचं घेत नाहीत. आमच्या घरात सगळे बिननावाचे."

गंमत म्हणजे बादशहाच्या विजयांशी डॉक्टरांना काही देणंघेणं नव्हतं. कोणी ऑस्टरलिट्झची लढाई काढली की ते खिडकीबाहेर बघायला लागायचे. त्यांचा बादशहा वॉटर्लूच्या संध्याकाळी सुरू व्हायचा आणि सेंट हेलेना बेटावर संपायचा. मधली जी काही सहा वर्षं, तेवढंच त्यांचं राज्य. एकदा मी विचारलं, "काका, हरलेल्या माणसात काय एवढं बघायचं?"

"चढता काळ सगळ्यांचा सारखाच असतो गं," ते म्हणाले. "घोडा, तलवार, टाळ्या. उतरता काळ मात्र ज्याचा त्याचा वेगळा. निम्मा युरोप हातात असताना माणूस काय करतो हे कोणीही सांगेल. हातात काही नसताना दुपारी चार वाजता तो काय करतो, ते बघावं."

सहा फुटांच्या मुलाचं नाव वामन ठेवणारे त्यांचे वडील विनोदी असले पाहिजेत. इथल्या मोठ्या हॉस्पिटलातून ते भूलतज्ज्ञ म्हणून निवृत्त झाले होते. उजवा हात कायम कार्डिगनच्या बटणांमधून आत खुपसलेला. बादशहाची नक्कल म्हणावी तर ते म्हणायचे, नाही, थिएटरमध्ये एसी फार असायचा, तेव्हापासूनची सवय. आपल्या धंद्याबद्दल त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "झोपवायला काय, कीर्तनकारही झोपवतो. मला पगार मिळायचा तो जागं करण्याचा."

दिवाळीच्या पाडव्याला त्यांच्याकडे जायचं म्हणजे मजा असायची. देवघरात बळीराजाची तांदळाची आकृती, शेजारी टेकवून ठेवलेलं बादशहाचं छोटं चित्र, दोघांना एकाच ताम्हनातून ओवाळणं. "सगळ्या जगात आपणच असे," डॉक्टर प्रत्येक नव्या पाहुण्याला समजावून सांगत, "की हरलेल्या सम्राटाची वर्षातून एक दिवस पूजा करतो. पाताळात ढकलला, पण त्याचा सण ठेवला. इंग्रजांना एवढं सुचलं नाही. मी नावाचा वामन असेन, पण पक्ष बळीचा."

बादशहा गेला तो मे महिन्यात. त्या दिवशी डॉक्टर रीतसर पुण्यतिथी करायचे. वरण-भात, भाजी, आणि बादशहाला आवडायची म्हणून कडक कॉफी. पानातला घास काढून मागच्या बागेतल्या शेडच्या छपरावर कावळ्यासाठी ठेवायचा. पण साउथहॅम्प्टनला कावळ्याला कोण विचारतो? दरवर्षी एक भला मोठा सीगल यायचा, घास उचलायचा आणि वर आमच्याकडे बघून ओरडायचा. डॉक्टर कमरेवर हात ठेवून बघत राहायचे. "बघा! मेल्यावरही आडवं कोण आलं? ब्रिटिश आरमार!"

काकू भिंतीआडून म्हणायच्या, "पोचलं ना कुणाच्या तरी पोटात? मग या आत. गार होतंय."

हे झालं त्यांचं घरचं राज्य. बाहेरचं राज्य म्हणजे आमचं महाराष्ट्र मंडळ. ते त्यांनीच काढलं, हॉल त्यांनीच मिळवला, गणपतीची मूर्ती त्यांनीच पेणहून मांडीवर घेऊन विमानातून आणली. तेव्हापासून अध्यक्ष तेच. निवडणूक दरवर्षी व्हायची, म्हणजे मार्चमधल्या वार्षिक सभेत डॉक्टर विचारायचे, "कोणाची हरकत?" आणि कोणाची नसायची. त्याचं कारण लोकशाही नव्हतं, श्रीखंड-पुरी होती. सभा कायम जेवणानंतर. "पोट भरलेला माणूस ठराव वाचत नाही," हे त्यांचं राज्यशास्त्र. श्रीखंड मालतीकाकूंच्या हातचं. सभेच्या आधी दोन दिवस त्यांच्या बाथरूममध्ये शॉवरच्या दांडीला दह्याची गाठोडी टांगलेली असायची आणि डॉक्टर आंघोळीला आमच्याकडे यायचे.

त्यांची हुकूमशाही गोड होती, पण हुकूमशाहीच ती. मंडळाची एक सहल माझ्या पक्की लक्षात आहे. बायका-मुलांना सांगितलं होतं डेव्हनला जाऊ, तिथला साय-जॅम-पावाचा क्रीम टी खाऊ. कोच तीन तास चालून टॉर्बेच्या किनाऱ्यावर थांबला. डॉक्टरांनी सगळ्यांना उतरवलं, ओळीत उभं केलं आणि समोरच्या समुद्राकडे बोट दाखवलं. समुद्रात काही नव्हतं.

"इथं," ते म्हणाले, "त्यांचं जहाज उभं होतं. हरल्यावर ते स्वतःहून इंग्रजांच्या स्वाधीन झाले. वाटलं होतं, इथंच कुठंतरी छोटंसं घर घेऊन राहू देतील. लोक होड्या भाड्यानं घेऊन त्यांना बघायला यायचे, टोप्या काढायचे. पण सरकारनं खाली पाय ठेवू दिला नाही. समोर हिरवं गवत दिसतंय आणि उतरायचं नाही."

वारा मी म्हणत होता, पोरं भुकेनं रडत होती. मग डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "आपल्याला निदान उतरू तरी दिलं." त्या ओळीत व्हिसाची मुदत वाढवून मिळायची वाट बघणारी चार-पाच जोडपी होती.  माझा नवरा सगळ्या मुलांना आइस्क्रीम आणायला गेला.

आता काकूंचं दुखणं सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच घडलं. काकू मुरूडच्या. लहानपणी स्वयंपाकघराच्या खिडकीतून समुद्र दिसायचा. डॉक्टर निवृत्त होताना दोघांनी समोरच्या आइल ऑफ वाइट बेटावर, ईस्ट काउझला, एक छोटा बंगला घेतला. फेरीबोटीनं तासाभराचा रस्ता. ओट्यापुढच्या खिडकीतून जहाजं दिसतात म्हणूनच काकूंनी तो पसंत केला. तिथं जाऊन राहायचं ठरलं होतं. पण दरवर्षी डॉक्टर म्हणायचे, "एवढा गणपती होऊ दे." मग एवढी दिवाळी. मग मंडळाचं रौप्यमहोत्सवी वर्ष. बंगला बंद, काकू वर्षातून दोनदा जाऊन खिडकी पुसून यायच्या.

तशात एका कोजागरीला हॉलमध्ये खुर्च्या उचलता उचलता डॉक्टर मटकन खाली बसले. हार्ट अटॅक, सौम्य. हॉस्पिटलात त्यांचेच जुने विद्यार्थी त्यांना रागावले, खुर्च्या उचलणं बंद आणि खुर्चीवर बसणंही बंद. लीड्सहून त्यांची मुलगी अंजू धावत आली. इथंच जन्मलेली. "बाबा, इनफ इज इनफ! तुमचा बीपी बघितली का? आईनं किती वाट बघायचा?" डॉक्टरांनी मान डोलावली, राजीनामा दिला आणि विश्रांतीला लेकीकडे लीड्सला गेले. इकडे नव्या कमिटीनं संक्रांतीला तिळगुळाऐवजी चॉकलेटं वाटली. बातमी लीड्सला पोचली मात्र, तिसऱ्या दिवशी डॉक्टर हॉलच्या दारात हजर. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कमिटीनं खुर्ची रिकामी केली. "पहिल्या कैदेतून, एल्बा बेटावरून तेही असेच परतले होते," डॉक्टर मला आनंदानं म्हणाले. "एक माणूस नुसता चालत आला आणि सैन्यानं बंदुका खाली ठेवल्या!"

काकू माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. घरी येताना एवढंच म्हणाल्या, "शुभा, हा माणूस त्या हॉलमध्ये मरणार बघ. आणि मी एकटी जाऊन ती खिडकी पुसणार." त्या दिवशी मला त्यांच्या डोळ्यांत पहिल्यांदा पाणी दिसलं आणि डॉक्टरांचा मनापासून राग आला.

त्याच मार्चच्या सभेत प्रसन्न देशकर उभा राहिला. नागपूरचा पोरगा, लंडनच्या बँकेतलं काम इथून करणारा, उत्साही आणि मनानं चांगला. सभेच्या आठवडाभर आधी डॉक्टरांच्या घरी येऊन त्यांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "काका, तुमचा रिस्पेक्ट आहेच न जी. पण दरवर्षी तेच नाट्यगीत न तेच भाषण, पोरं बोअर होऊन राहिले. म्हणून म्या म्हटलं, आपण इलेक्शनला उभं राहावं. तुम्ही राग नका मानू बाप्पा."

राग कसला! डॉक्टरांना इतका आनंद झालेला मी कधी पाहिला नव्हता. "अखेर! अखेर कोणीतरी समोर आलं!" त्यांनी त्याला दोन लाडू खायला घातले. मग फोन घेऊन मोर्चेबांधणीला बसले. सगळी ज्येष्ठ मंडळी त्यांच्या बाजूनं होती. शिवाय बोर्नमथहून मिनीबस भरून कुमक येणार होती. हिशेबानं विजय पक्का होता. काकू आतल्या खोलीतून सगळं ऐकत होत्या.

सभेच्या सकाळी मी काकूंच्या मदतीला गेले. त्यांनी चक्का दोन पातेल्यांत घेतला होता. एक मोठं, एक लहान.

"दोन कशाला?"

"मुलांना जायफळ आवडत नाही. त्यांच्या नि तरुण मंडळींच्या श्रीखंडात नुसतं केशर. या लहान पातेल्यातलं आमच्या म्हाताऱ्यांच्या टेबलाचं." आणि किसणी घेऊन जायफळ किसायला बसल्या. किसताहेत, किसताहेत. एक संपलं, दुसरं घेतलं.

"काकू, बस की आता!"

"थंडी आहे गं बाहेर," काकू म्हणाल्या.

जेवणं झकास झाली. ज्येष्ठांच्या टेबलावर काकू स्वतः वाढत होत्या, "नाना, अजून एक वाटी, माझी शपथ आहे." पुऱ्या गरम, बटाट्याची भाजी, मसालेभात. डॉक्टरांनी पहिला चमचा तोंडात घातला आणि जरा थांबले. मग वाटी संपवली, पुन्हा काकूंपुढे धरली आणि म्हणाले, "छान झालंय."

मी ऐकलं, पण हातात पुऱ्यांचा डबा होता, घाई होती. काकू क्षणभर तशाच उभ्या राहिल्या आणि त्यांनी वाटी भरली.

मग सभा. बोर्नमथची मिनीबस एम ट्वेंटीसेव्हन मोटरवेवर कुठल्याशा अपघातामागे अडकली होती. फोनवर फोन येत होते, 'आलोच, आलोच.' डॉक्टर स्टेजवर माइकसमोर, हात कार्डिगनमध्ये. अहवाल वाचून झाला. आणि मला समोर दिसलं ते असं: डाव्या हाताला तरुण मंडळी ताठ बसलेली, मांडीवर मुलं. उजव्या हाताला, रेडिएटरच्या बाजूला, डॉक्टरांचं सगळं सैन्य गारद. नानांची हनुवटी छातीला टेकलेली. त्यांच्या शेजारच्या आजींचा डोळा उघडायचा, मिटायचा. मागच्या रांगेतून शांत, तालातलं घोरणं ऐकू येत होतं. मालतीकाकू त्या सगळ्यांच्या मधोमध बसल्या होत्या, टक्क जाग्या, मांडीवर कागदी रुमालांच्या घड्या घालत.

"हात वर करून मतदान," डॉक्टर म्हणाले. मग थांबले. उजव्या रांगांवरून त्यांची नजर फिरली, एकेका चेहऱ्यावर थांबत थांबत. चाळीसेक वर्षं झोपलेल्या चेहऱ्यांकडे असंच बघण्यात गेली होती. शेवटी नजर काकूंवर आली. काकूंनी वर पाहिलं नाही. घडीवर घडी.

माझ्या अगदी ओठांवर आलं होतं की ओरडावं, काका, जरा चहाची सुट्टी द्या!

"मोजा," डॉक्टर म्हणाले.

ते दोन मतांनी हरले. बोर्नमथची मिनीबस निकालानंतर पोचली आणि आत आलेल्या लोकांनी आधी श्रीखंड संपलं का ते विचारलं. टाळ्यांच्या आवाजानं नाना दचकून जागे झाले आणि सवयीप्रमाणे ओरडले, "अनुमोदन!"

प्रसन्नच बिचारा कावराबावरा झाला. "काका, तुम्ही मार्गदर्शक म्हणून कमिटीत राहा न."

"छे छे," डॉक्टर म्हणाले. चेहरा पांढरा पडला होता पण आवाज खणखणीत. "हरलेल्या बादशहाला बेटावर पाठवतात. कमिटीवर ठेवत नाहीत. मालती, तो बंगला अजून आहे ना आपला?"

काकूंच्या हातून रुमालांची चवड खाली पडली.

निघायचा दिवस तर सोहळाच झाला. सगळं मंडळ फेरीच्या धक्क्यावर. डॉक्टर गणपतीतला फेटा बांधून आलेले. त्यांचा हट्ट असा की विजयी पक्षानं पहारेकरी द्यायचा, तशी रीत आहे. म्हणून प्रसन्न देशकर एका हातात कुकर आणि दुसऱ्या हातात मिक्सर घेऊन त्यांच्यामागून फेरीवर चढला. "नजर ठेव हं माझ्यावर," डॉक्टर त्याला बजावत होते, "एकदा पळालोय मी!" फेरी सुटली तेव्हा काकू पुढच्या बाजूला, बेटाकडे तोंड करून उभ्या होत्या. डॉक्टर मागच्या कठड्याला धरून आमच्याकडे, हॉलकडे, हॉस्पिटलच्या दिशेला बघत राहिले. त्यांनी हात हलवला नाही. तेवढ्या वेळापुरते ते विनोद करायचे विसरले होते आणि मला ते बघवेना.

आम्हाला धास्ती होती की मंडळावाचून हा माणूस महिन्याभरात खचेल. मी पहिल्यांदा गेले ती तीनेक महिन्यांनी, तर डॉक्टर बागेत टोमॅटोच्या रोपांना काठ्या लावत होते. बादशहांनीही बेटावर बागकाम केलं होतं, असं फावडं उगारून सांगितलं. स्वयंपाकघरातून हाक आली, "अहो, टोपी!" त्यांनी निमूटपणे टोपी घातली.

"त्यांच्या बेटावर एक गव्हर्नर होता," मला हळूच म्हणाले, "फार छळलं त्यानं. बादशहा म्हणायला तयार नाही, नुसतं 'जनरल' म्हणायचा. पण निदान त्यांच्या जेवणातलं मीठ मोजत नव्हता! माझा गव्हर्नर बिस्किटंसुद्धा कुलपात ठेवतो."

दुपारी आम्ही दोघं किनाऱ्यावर चक्कर मारायला गेलो. समोरून एक अजस्र कंटेनरचं जहाज साउथहॅम्प्टनकडे सरकत होतं. मी विचारलं, "काका, खरं सांगा. करमतं?"

"पहिला महिना वाईट गेला," ते म्हणाले. "सकाळी उठून फोनकडे बघायचो. वाजायचाच नाही. वाटायचं, माझ्यावाचून गणपती बसणारच नाही. मग कळलं, तो छान बसणार आहे. तेव्हा जास्तच वाईट वाटलं." थोडं चालले. "आता मजेत आहे. दुपारी चार वाजता काय करायचं ते मला सापडलंय. काही नाही करायचं. खिडकीत बसायचं, ती चहा करते, मी जहाजाचं नाव वाचून दाखवतो."

मग मलाच राहवेना. "काका, त्या दिवशी तुम्ही चहाची सुट्टी दिली असती ना, तर..."

"तर जिंकलो असतो. पाच मिनिटांत सगळे जागे. जागं करणं हाच तर माझा धंदा!" ते हसले. "तू किसत होतीस का गं जायफळ?"

मी बुटाची नाडी बांधायला वाकले.

"पहिल्या चमच्याला कळलं मला. अर्थात नाव जायफळाचं झालं, निम्मं काम पुऱ्यांनी आणि त्या रेडिएटरनं केलं. पण डोस भूल देणाऱ्याच्या जिभेला कळणार नाही? शुभा, जिच्या हातून एवढ्या वर्षांत कधी मीठ जास्त पडलं नाही, तिच्या हातून जायफळ जास्त पडतं, तेव्हा ते पडलेलं नसतं. तिला काहीतरी म्हणायचं असतं. तोंडानं ती सात वर्षं म्हणत होती. मी ऐकलं नाही." जहाजाकडे बघत राहिले. "तिला बोलू नकोस हं. तिला वाटू दे, तिनं मला गनिमी काव्यानं पाडलं. फार खूश आहे ती."

पुढच्या वर्षी माझ्या नवऱ्याला एडिनबराला नोकरी लागली आणि आम्ही साउथहॅम्प्टन सोडलं. डॉक्टर गेले ते त्यानंतरच्या मे महिन्यात, दुपारी, झोपेतच. महिन्याची निवड त्यांना पसंत पडली असती. मला फोन केला तो प्रसन्न देशकरनं, आणि बोलता बोलता रडला. दहाव्याला काकूंनी घास बागेच्या भिंतीवर ठेवला होता. "कावळा शिवला का?" मी फोनवर विचारलं. काकू हसत होत्या की काय, नीट कळलं नाही. "कुठला कावळा? आरमारच आलं गं. उचलला आणि गेलं."

पण माझ्या डोळ्यांपुढे डॉक्टर येतात ते एडिनबराला निघण्याआधी निरोप घ्यायला गेले होते त्या दुपारचे. काकूंनी श्रीखंड-पुरी केली होती. जेवण झालं आणि डॉक्टर खिडकीतल्या खुर्चीत जाऊन बसले, दुर्बीण घेऊन, मला फेरीपर्यंत सोडायला येतो म्हणाले. मी आवरून बाहेर आले तर ते गाढ झोपलेले. दुर्बीण पोटावर, तोंड थोडं उघडं, उजवा हात कार्डिगनच्या आत. मागं समुद्रावर एक पांढरंशुभ्र प्रवासी जहाज चाललं होतं आणि त्याचं नाव वाचायला कोणी जागं नव्हतं.

"काकू," मी हळूच म्हटलं, "जायफळ?"

"चिमूटभर," काकू म्हणाल्या. मग पदराला हात पुसत माझ्याजवळ आल्या. "यांना वाटतं मला ठाऊक नाही. यांनी सांगितलंय ना तुला सगळं? अगं, त्या दिवशी हॉलमध्ये मला तर धडकी भरली होती. वाटत होतं, आता उठवतील सगळ्यांना, आता उठवतील. पण त्याआधी वाटी पुढे करून काय म्हणाले, ऐकलंस ना? छान झालंय! लग्नापासून 'ठीक'वर संसार केलाय मी. 'छान' म्हणाले तेव्हाच कळलं, हा माणूस हरायला तयार झाला. माझ्यासाठी."

 फेरीची वेळ होत आली होती. मी डॉक्टरांना निरोपाचा नमस्कार करायला पुढे झाले, तशी काकूंनी माझा दंड धरला.

"उठवू नकोस," त्या म्हणाल्या.

मी हातात बूट घेतले आणि पाय न वाजवता दारापर्यंत गेले. मागं वळून पाहिलं तेव्हा काकू त्यांच्या शेजारची खुर्ची सरकवून बसल्या होत्या आणि जहाजाचं नाव वाचायचा प्रयत्न करत होत्या.